बोलणे एक, अर्थ दुसरा : अलंकारांची उजळणी



शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण सर्वांनी अलंकार पाठ केले होते. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, दृष्टांत. व्याख्या पाठ, उदाहरण पाठ, आणि परीक्षा झाली की वही बंद. मग या वयात त्यांची उजळणी कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. वही बंद झाली तरी अलंकार आपल्या तोंडात राहिले. सुनेशी बोलताना, नातवाला रागावताना, डॉक्टरला दुखणे सांगताना आपण ते वापरतो. सकाळी तहिलीम उघडले तर पानापानावर तेच भेटतात. आणि जिथे ते ओळखले जात नाहीत, तिथे अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून ही उजळणी. उदाहरणे आपल्या स्वयंपाकघरातली आणि तनाखमधली घेतली आहेत. हिब्रू नावेही दिली आहेत, म्हणजे नातवंडांना सांगताना उपयोगी पडतील.

शब्दाच्या तीन शक्ती

अलंकारांच्या आधी एक पायरी आहे. शब्द तीन रीतींनी अर्थ सांगतो, असे आपले जुने शास्त्र म्हणते. त्यांना अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशी नावे आहेत.

शब्दाचा सरळ अर्थ घेतला की ती अभिधा. ‘विहिरीला पाणी आहे’ या वाक्यात विहीर म्हणजे विहीर आणि पाणी म्हणजे पाणी.

सरळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, तेव्हा ती लक्षणा. ‘सारे गाव लग्नाला जेवले’ म्हटले की घरे आणि रस्ते जेवत नाहीत. गावातली माणसे जेवतात. आपल्या पूर्वजांनी कोकणात सणांना जी नावे दिली, त्यांत लक्षणाच आहे. योम किप्पुरला ते ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दार लावून घेऊन दिवसभर उपास आणि प्रार्थना करायची, म्हणून एका दारावरून साऱ्या दिवसाचे नाव पडले. ‘बिरड्याचा रोजा’, ‘खिरीचा सण’ ही नावे ताटातल्या पदार्थावरून आली. आणि खुद्द आपल्याला गावकऱ्यांनी दिलेले नाव बघा : शनिवार तेली. या नावात ‘शनिवार’ हा नुसता वार नाही. शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत, म्हणजे शब्बाथ, त्या एका शब्दात बसली आहे.

तिसरी शक्ती व्यंजना. इथे शब्दांचा अर्थ सरळच असतो, पण ऐकणाऱ्याला त्याखालचा दुसरा अर्थ कळतो. ‘सूर्य मावळायला आला’ हे एकच वाक्य घ्या. शुक्रवारी सासू सुनेला म्हणाली, तर अर्थ झाला, दिवे लावायची वेळ झाली. शनिवारी आजोबा म्हणाले, तर हावदालाची तयारी करा. अंगणात खेळणाऱ्या मुलाला आई म्हणाली, तर घरात ये. आणि गप्पा मारत बसलेल्या पाहुण्याला म्हटले, तर काय ते पाहुण्याने समजून घ्यावे!

या तीन शक्ती ध्यानात ठेवल्या की पुढचे सारे सोपे आहे.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक

हे तिघे भाऊ एकसारखे दिसतात, म्हणून शाळेत मुलांचा गोंधळ उडतो. एकच उदाहरण तिघांना लावून पाहू.

‘घावन मलमलीसारखे पातळ झाले आहे.’ ही उपमा. जिच्याविषयी बोलतो ती वस्तू घावन, तिला उपमेय म्हणतात. जिच्याशी तुलना केली ती मलमल, म्हणजे उपमान. दोघांत सारखा असलेला गुण पातळपणा, म्हणजे साधारण धर्म. आणि ‘सारखे’ हा साम्य दाखवणारा शब्द.

‘घावन म्हणजे जणू मलमलच.’ ही उत्प्रेक्षा. इथे दोन वस्तू इतक्या जवळ आल्या की एक म्हणजे दुसरीच असावी असे वाटू लागले. ‘जणू’, ‘जणू काही’, ‘भासे’, ‘वाटे’ या शब्दांनी ती ओळखावी.

‘आईने तव्यावर घावनाची मलमल अंथरली.’ हे रूपक. आता ‘सारखे’ गेले, ‘जणू’ही गेले. घावन आणि मलमल एकच झाली.

हिब्रूत उपमेला ‘दिमुय’ आणि रूपकाला ‘मेताफोरा’ म्हणतात. ‘सारखे’ या अर्थी ‘कमो’ हा शब्द आहे, आणि ‘जणू’ या अर्थी ‘के-इलू’. आजकालची मुले दर वाक्यात दोनदा ‘के-इलू’ म्हणतात, ती नुसती सवय. पण शब्दाचे मूळ काम उत्प्रेक्षेचे आहे. तनाखच्या हिब्रूत बहुतेक वेळा शब्दाला पुढे ‘काफ’ हे अक्षर लावून उपमा होते.

पहिलेच तहिलीम पाहा. त्यात दोन उपमा समोरासमोर ठेवल्या आहेत. नीतिमान माणूस पाण्याच्या काठी लावलेल्या झाडासारखा, आणि दुष्ट वाऱ्याने उडणाऱ्या फोलपटासारखा. आपल्यापैकी ज्यांनी गावी खळ्यावर भात उपणताना पाहिले आहे, त्यांना ही दुसरी उपमा समजावून सांगायला नको. सूप उंच धरले की भरलेला दाणा पायाशी पडतो आणि फोलपट उडून जाते. फोलपटाला कोणी हाकलत नाही. त्याला वजन नसते म्हणून ते टिकत नाही. उपमेचा खरा मुद्दा हाच आहे. साधारण धर्म नीट शोधला तर उपमा बोलते. तो चुकला तर दुष्ट माणूस हलका, पिवळा की कोरडा, असे भलतेच काही मनात येते.

तेविसावे तहिलीम आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. त्यात देवाला मेंढपाळ म्हटले आहे, ‘मेंढपाळासारखा’ म्हटलेले नाही. म्हणून ते रूपक. आणि नीट वाचले तर सहा वचनांत चित्र एकदा बदलते. आधी कुरण, पाणी, काठी. पुढे मेज मांडलेले, पेला भरलेला. म्हणजे मेंढपाळाचा यजमान झाला, आणि मेंढराचा पाहुणा.

रूपक शब्दशः घेतले तर काय होते, याचा विचार आपल्या पंडितांनी फार पूर्वी केला आहे. तोरात देवाचा हात, देवाचे डोळे, देवाचा राग असे शब्द येतात. पेसाहच्या रात्री हाग्गादातही आपण देवाच्या बळकट हाताविषयी वाचतो. देवाला शरीर नाही ही तर आपली श्रद्धा. मग हात कोणाचा? ओन्केलोसने तोराचे आरामी भाषांतर करताना असे बरेच शब्द बदलून अर्थाने लिहिले. रांबामने ‘मोरे नेवुखीम’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात अशा शब्दांची एकेक करून फोड केली. हात म्हणजे सामर्थ्य. डोळे म्हणजे लक्ष. माणसाला समजावे म्हणून तोरा माणसाच्या भाषेत बोलते. लक्षणा ओळखली नाही, तर देवाचीच मूर्ती मनात उभी राहील, आणि ती तर दहा आज्ञांनी मना केलेली आहे.

चेतनगुणोक्ती आणि अतिशयोक्ती

निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असे वर्णन केले की ती चेतनगुणोक्ती, हिब्रूत ‘हाआनाशा’. ‘दूध रुसले आणि चुलीवर सांडले’ असे घरातली बाई सहज बोलून जाते. हालेलमध्ये आपण म्हणतो त्या एकशे चौदाव्या तहिलीममध्ये मिसरमधून बाहेर पडल्याचे वर्णन आहे. तिथे समुद्र पळतो, यार्देन मागे फिरते, डोंगर एडक्यांसारखे उड्या मारतात. आणि मग कवी त्यांनाच विचारतो, बाबांनो, तुम्हाला झाले तरी काय? समुद्र आणि नदी पळतात ही चेतनगुणोक्ती, डोंगरांना एडक्यांची उपमा, आणि निर्जीवाला प्रश्न. एवढे सगळे आठ वचनांत.

एखादी गोष्ट आहे त्याहून फार फुगवून सांगणे ही अतिशयोक्ती, हिब्रूत ‘हाफ्राझा’. ‘शंभर वेळा सांगितले तुला’ ही रोजची अतिशयोक्ती, तिने कोणाचे बिघडत नाही. पण ‘शेलाह लेखा’ या पाराशात अतिशयोक्तीने एका पिढीचे आयुष्य बदलले. मोशेने बारा हेर पाठवले. दहा जण परतले ते घाबरून. ती भूमी आपल्या रहिवाशांना गिळते, ही चेतनगुणोक्ती. तिथल्या धिप्पाड माणसांपुढे आपण टोळांसारखे दिसलो, ही उपमा आणि अतिशयोक्ती एकत्र. देवारीममध्ये मोशे त्याच प्रसंगाची आठवण देतो, तेव्हा नगरांचे तट आकाशाला भिडलेले आहेत. लोकांनी हे शब्द जसेच्या तसे धरले आणि रात्रभर रडले. येहोशुआ आणि कालेव यांनी उत्तर दिले तेही अलंकारानेच. भूमी माणसांना खाते असे दहा जण म्हणाले होते. या दोघांनी खाण्याचेच चित्र उलटे केले आणि ते लोक म्हणजे आपली भाकर आहे असे सांगितले. लोकांनी दहांचे ऐकले आणि चाळीस वर्षे रानात काढली. अलंकार हा नुसता दागिना असता, तर असे झाले नसते.

अन्योक्ती आणि दृष्टांत

‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हण म्हणजे अन्योक्तीची व्याख्याच आहे. बोलायचे एकाला, ऐकवायचे दुसऱ्याला. हिब्रूत अशा कथेला ‘माशाल’ म्हणतात, आणि तिच्यातून निघणाऱ्या खऱ्या अर्थाला ‘निमशाल’. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शोफ्तीमच्या नवव्या अध्यायात योताम गेरिझीम डोंगरावर उभा राहून शखेमच्या लोकांना झाडांची गोष्ट सांगतो. झाडांना राजा हवा होता. जैतून नको म्हणाले, अंजीर नको म्हणाले, द्राक्षवेल नको म्हणाली. प्रत्येकाला आपले काम होते. शेवटी काटेरी झुडूप तयार झाले आणि म्हणाले, या माझ्या सावलीत! आता काटेरी झुडपाला सावली किती असते, ते सर्वांना ठाऊक आहे. झाडांचा हा माशाल. आणि भावांना मारून राजा झालेला अविमेलेख हा त्याचा निमशाल.

दुसरी गोष्ट नातान नवीची. श्रीमंताकडे पुष्कळ गुरेमेंढरे, गरिबाकडे एकच कोकरू, आणि श्रीमंताने तेच ओढून नेले. दावीद राजा ऐकून संतापला, शिक्षा सांगून मोकळा झाला. तेव्हा नातान म्हणाला, तो माणूस तूच. राजाला सरळ दोष दिला असता तर त्याने ऐकून घेतला असता का? अन्योक्तीने त्याच्याच तोंडून निवाडा काढला.

आपले कीर्तनकारही हेच करीत. सन १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू झाली. तनाखमधल्या पुरुषांची चरित्रे मराठी चालींवर गायिली गेली. आख्यान जुने, पण बोच श्रोत्यांतल्या कोणाला तरी आजची लागे.

कानाचे अलंकार

आतापर्यंतचे अर्थालंकार झाले. शब्दालंकार कानाला कळतात. तेच अक्षर पुन्हा पुन्हा आले की अनुप्रास. वेगळ्या अर्थाची सारखी अक्षरे ठराविक जागी आली की यमक. एकाच शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी म्हणाले, ‘साहेब, संध्याकाळी हार नक्की!’ तर साहेबांनी हसावे की रडावे?

हिब्रूत या शब्दांच्या खेळाला ‘लाशोन नोफेल आल लाशोन’ म्हणतात. यिर्मेयाहू नवीला देव विचारतो, तुला काय दिसते? तो म्हणतो, बदामाची फांदी. बदाम म्हणजे ‘शाकेद’. देवाचे उत्तर ‘शोकेद’ या शब्दावर उभे आहे. त्याचा अर्थ जागा राहून लक्ष ठेवणारा. इथे बदाम तू बिश्वातच्या सुमारास, बाकीची झाडे झोपलेली असतानाच फुलतो, हे आपण पाहतोच. यशायाहूच्या पाचव्या अध्यायात ‘मिश्पात’ म्हणजे न्याय, त्याच्याशी ‘मिस्पाह’ म्हणजे रक्तपात. आणि ‘त्सेदाका’ म्हणजे धर्माचरण, त्याच्याशी ‘त्सेआका’ म्हणजे आक्रोश, अशा जोड्या लावल्या आहेत. ऐकायला एका अक्षराचा फरक, अर्थाला आकाश-पाताळाचा.

शब्दालंकाराचे एक दुःख आहे. तो भाषांतरात येत नाही. सन १८४६ मध्ये मुंबईत हाग्गादा मराठी अर्थासह छापली गेली. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक प्रार्थना मराठीत आणल्या. त्यांच्यामुळे अर्थ आपल्या घरात पोहोचला. पण शाकेद-शोकेद मराठीत ‘बदाम’ आणि ‘जागा’ झाले की नाद तुटतो. म्हणून मूळ हिब्रू वचन मोठ्याने म्हणावे, मग अर्थ वाचावा.

शाळेत न शिकवलेले दोन प्रकार

तनाखच्या काव्यात यमक क्वचितच सापडते. मग ते काव्य कशाने होते? ‘तिक्बोलेत’ने. वचनाचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग पहिल्याचाच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगतो, किंवा त्याच्या उलट सांगतो. मराठीत करून पाहू. ‘पाऊस अंगणात आला, सरी दारात उतरल्या’ ही सारखी जोडी. ‘कष्टाची भाकर गोड लागते, फुकटचे पक्वान्न घशात अडकते’ ही विरुद्ध जोडी. मिश्लेच्या दहाव्या अध्यायापासून विरुद्ध जोड्यांची रांगच लागते. याचा वाचताना मोठा उपयोग आहे. एका भागातला शब्द अडला तर दुसऱ्या भागात डोकवावे. बहुधा अर्थ तिथेच सापडतो.

दुसरा प्रकार अक्षरमालेचा. प्रत्येक ओळ आलेफ, बेत, गिमेल अशा क्रमाने सुरू होते. शुक्रवारच्या रात्री म्हणतो ते ‘एशेत हायिल’ बावीस वचनांचे आहे, कारण अक्षरे बावीस. ‘आश्रे’मधल्या एकशे पंचेचाळिसाव्या तहिलीममध्ये फक्त ‘नून’चे वचन नाही. आणि एकशे एकोणिसाव्यात प्रत्येक अक्षराची आठ वचने, म्हणून एकूण १७६. पाठांतराला क्रमाचा आधार मिळतो, आणि आलेफपासून तावपर्यंत म्हणजे पुरेपूर, असा अर्थही मिळतो.

घरात आणि दवाखान्यात

आता मुद्द्याची गोष्ट. वाक्प्रचार म्हणजे रूढ झालेली लक्षणा. ‘पोटात गोळा आला’ म्हणताना आपल्याला गोळा दिसतही नाही, भीतीच कळते. पण आजी डॉक्टरपुढे असे म्हणाली, आणि सोबतच्या नातवाने हिब्रूत ‘पोटात गाठ आली’ असे सांगितले, तर पुढच्या आठवड्यात आजी तपासणीच्या यंत्राखाली! ‘हातपाय गळाले’, ‘डोळे पांढरे झाले’, ‘काळजाचे पाणी झाले’ यांचीही तीच गत. आणि मुलीचे ‘पाय भारी आहेत’ हे ऐकून नातू तिच्या पायाला मलम आणील. हसू येते खरे.

पण उलट बाजूला हसण्यासारखे काही नाही. ‘छातीवर धोंडा ठेवला’ म्हणजे दुःख गिळले, हा वाक्प्रचार. ‘छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते’ ही मात्र उपमा, आणि ती हृदयाच्या दुखण्याची खूण असू शकते. फरक ‘सारखे’ या एका शब्दाचा. मुलांनी ते आजीचे नेहमीचे बोलणे समजून सोडून दिले, तर वेळ हातची जाईल. दुखणे दुसऱ्याला दाखवता येत नाही. ते उपमेनेच सांगावे लागते. टोचल्यासारखे, आवळल्यासारखे, भाजल्यासारखे. म्हणून दवाखान्यात वाक्प्रचार बाजूला ठेवावा आणि उपमा ठेवावी. हिब्रूत ‘कमो’ म्हणून वस्तूचे नाव सांगावे : ‘कमो एवेन’, दगडासारखे. कुठे दुखते, केव्हापासून दुखते, हे अभिधेने सांगावे. भीती वाटत असेल तर ‘भीती वाटते’ असेच म्हणावे.

घरात मात्र वाक्प्रचार सोडू नयेत. नातवंडांना त्यांची हिब्रूतली भावंडे दाखवावीत. ‘माझे डोके खाऊ नकोस’ आणि ‘अल तोखाल ली एत हा-रोश’ यांत तर शब्दालाही शब्द जुळतो. ‘नाफाल हा-आसिमोन’, म्हणजे नाणे पडले, आता कळले, असे तीही म्हणतात. पण टेलिफोनचा आसिमोन हातात धरलेले आपण आहोत, तो कसा पडे हे त्यांना आपणच सांगू शकतो. ‘लो दुबीम वे-लो याआर’, ना अस्वल ना रान, याचा उगम अलिशा नवीच्या गोष्टीत आहे, हे पुष्कळ तरुणांना ठाऊक नसते. त्यांनी एक सांगावे, आपण एक सांगावा.

आमची सूचना एवढीच. दर शुक्रवारी जेवणाच्या मेजावर एक मराठी वाक्प्रचार घ्यावा. आधी त्याचा शब्दशः अर्थ नातवंडांना सांगावा, त्यांना पोटभर हसू द्यावे, मग खरा अर्थ सांगावा, आणि तसे हिब्रूत काय म्हणतात ते त्यांना विचारावे. पहिल्या शुक्रवारी ‘पोटात कावळे ओरडतात’ हा घेतला तर सोयीचे. त्या वेळी ते सर्वांच्याच पोटात ओरडत असतात.